ना हरकत दाखला

११ सप्टेंबर, दिवस ४१

वकील म्हणाला, रोजची नोंद ठेवा, मायदेशात काढलेला प्रत्येक दिवस सिद्ध करता आला पाहिजे. कैदी भिंतीवर रेघा ओढतात. मी पीएच.डी. असल्यामुळे वही घेतली.

माझा गुन्हा असा. दोन वर्षं फ्लोरिडात पाहुणा संशोधक म्हणून राहिलो, आंब्याच्या रोगांवर काम केलं आणि शहाण्या पाहुण्यासारखा वेळेवर परत आलो. आता तिथल्याच प्रयोगशाळेच्या डॉ. लिंडक्विस्ट बाई नोकरी देतो म्हणतात. पण आधीच्या व्हिसाची अट आडवी येते: शिकलात ते आधी आपल्या देशाला द्या, दोन वर्षं घरी राहा, मग नोकरीचा व्हिसा मागा. एकदा जेवून उठलेल्याला पुन्हा पंगतीत बसायचं तर दोन वर्षं हात धुवत उभं राहायचं.

सुटकेची वाट एकच. इजिप्त सरकारनं लिहून द्यायचं की हा माणूस गेला तरी आमची हरकत नाही. ना हरकत दाखला. इथल्या विद्यापीठाचा रागरंग पाहता कुणाची हरकत असेल असं वाटत नाही. सूक्ष्मदर्शकाचा दिवा एप्रिलपासून गेलेला आहे. विभागप्रमुख म्हणतात, खिडकीपाशी बसा, उजेड छान येतो.

घरात आम्ही चौघं. वरच्या मजल्यावर मी, माझी बायको शहीरा आणि मुलगी तालिया. खाली बाबा, एकटे. त्यांनी तीस वर्षं कालव्यावर फेरीबोट चालवली, या काठाची माणसं त्या काठाला. चौघांत अमेरिकन एकच. तालिया, वय चौदा महिने, जन्म फ्लोरिडाचा. तिला व्हिसा लागत नाही. मनात आणलं तर ती आज निघेल, फक्त अजून चालता येत नाही. बाबा तिला 'मडम' म्हणतात.

१७ सप्टेंबर, दिवस ४७

मडम बेकायदा राहतेय. तिचा पासपोर्ट सहज चाळला. आम्ही इजिप्तच्या पासपोर्टावर आलो, ती अमेरिकन पासपोर्टावर. विमानतळावर तिला महिन्याभराचा व्हिसा चिकटवला होता, तो संपून पंधरवडा उलटला. आजोबांच्या घरात घुसखोर.

शहीरा काहीतरी आणायला कैरोला गेली होती. म्हटलं, ती यायच्या आत निस्तरून टाकू. मी, बाबा आणि घुसखोर परदेशी नागरिकांच्या कचेरीत गेलो.

"अर्जदार कोण?" साहेबांनी विचारलं.

"ही."

"व्यवसाय?"

"चौदा महिन्यांची आहे हो."

"म्हणजे बेकार." त्यांनी लिहिलं. "मुदत संपल्यावरही देशात राहण्याचं कारण?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "आजोबा."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग नऊ कागदांची यादी हातात दिली. त्यातले सात फ्लोरिडात मिळतात.

२२ सप्टेंबर, दिवस ५२

पाच दिवस मी यादी घेऊन तळमळत होतो. आज शहीरा नऊ वाजता तालियाला कडेवर घेऊन गेली आणि अकराला परत आली. हातात तालियाचा इजिप्तचा जन्मदाखला, नागरिक क्रमांकासकट. घुसखोरी खलास.

"हे कसं केलंस?"

"फ्लोरिडात असतानाच सगळे शिक्के मारून घेतले होते. अर्ज ऑगस्टमध्ये दिला. आज फक्त आणायचा होता."

"मला बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

किती पुढचं बघते. व्हिसाच्या कामात अशी बायको असणं म्हणजे निम्मं काम झाल्यासारखं.

५ ऑक्टोबर, दिवस ६५

दाखल्याच्या अर्जाला दोघांचे फोटो लागतात. मागे पांढरा पडदा, हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत. माझे तयार आहेत, त्यात मी नुकताच पकडला गेल्यासारखा दिसतो. शहीरा फोटो काढायला विसरली. मागच्या आठवड्यातही विसरली होती.

खाली धूळ आणि आवाज. बाबांच्या पुढच्या खोलीत बोटीचं भंगार होतं. जुने पंप, साखळ्या, अर्धं इंजिन. आई होती तेव्हा या भंगारावरून रोज भांडण व्हायचं आणि बाबांनी एक खिळा हलवला नाही. आज ते स्वतः सगळं बाहेर काढत होते. शहीरा झाडत होती.

"काय चाललंय?"

"दवाखाना," बाबा म्हणाले. "सूनबाईचं दातांचं दुकान."

शहीरा दंतवैद्य आहे, म्हणाली की तोवर हात चालू राहील. मीही म्हटलं, चांगलंय, वाट बघण्यात वेळ जात नाही. कैरोहून तिनं दातांची खुर्ची आणलीये. जुनी असली तरी दणकट आहे, सहा माणसांनी उचलून आत आणली. चार-सहा महिन्यांसाठी एवढी जड खुर्ची कशाला, असं मी विचारलं तेव्हा बाबांना एकदम खोकला आला.

३० ऑक्टोबर, दिवस ९०

शहीराचे फोटो अखेर मिळाले. म्हणजे मीच तिला दुकानात बसवून काढून आणले. अर्ज गेला. आता तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल.

दवाखाना सुरू झाला. नावनोंदणीला बाबा बसतात. तीस वर्षांची सवय जात नाही, त्यामुळे रोग्यांना फेरीबोटीत चढवावं तसं आत घेतात. "पुढे सरका, पुढे सरका, दाढवाले डावीकडे, लहान मुलं मांडीवर." आज मी शहीराला विचारायला गेलो की पासपोर्ट कुठे ठेवलाय, तर मला हाताने अडवलं.

"नंबर?"

"बाबा, मी नवरा आहे."

"असाल साहेब. पण तुमच्या आधी अकरा जण आहेत."

१४ डिसेंबर, दिवस १३५

शहीराचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय. मी ऑक्टोबरपासून सांगतोय, नवा काढ. आज पुन्हा विचारलं.

"अगं बाई, विसरले."

नवल वाटतं. हिला समोरच्या इस्त्रीवाल्याची खालची डावी दाढ कधी भरली ते तारखेनिशी आठवतं, आणि स्वतःचा पासपोर्ट नाही. कामाचा ताण, दुसरं काय. एकदा तिथे गेलो की निवांत होईल. तिथे तिला काही करावं लागत नाही.

हे मी तिला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "हो, तिथे काही करावं लागत नाही." आणि गॉजच्या घड्या घालत बसली.

६ मार्च

दिवे लावण्यासारखं काही नाही, पण लिहितो. हाज्जा नबविया सकाळी विभागात आली. आंब्याच्या साठ झाडांची बाग, वय सत्तर, आवाज चाळीस माणसांचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला मोहोर माझ्या टेबलावर आपटला. मोहोर कसला, कोबीचा गड्डा. गच्च, हिरवा, एक फळ धरणार नाही.

"अमेरिकेत शिकून आलास ना? मग हे काय ते सांग."

मी सांगितलं, बुरशी आहे.

"नाव नकोय मला. बुरशीला मी काय हाक मारणार आहे? करायचं काय?"

तिच्या बागेत गेलो. दुपारी दोनपर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन रोगट फांद्या हातभर मागून कापायला लावल्या आणि खड्ड्यात जाळल्या. नमुने घेतले. ओवेसी जातीच्या झाडांवर रोग जास्त, फस जातीच्या झाडांवर कमी. का कमी, हे फ्लोरिडात कुणाला ठाऊक असण्याचा संबंध नाही, तिथे ही झाडंच नाहीत. उद्या शेजारच्या तीन बागा बघतो. सूक्ष्मदर्शकाचा दिवा मीच विकत आणला. उगाच कशाला महिन्या-दोन महिन्यांसाठी, असं वाटलं होतं, पण खिडकीपाशी बसून मान धरते.

हाज्जा निघताना म्हणाली, "तुझ्यापेक्षा बायको बरी. तिनं परवा रोग उपटून माझ्या हातात दिला."

२ एप्रिल

झालं. इजिप्तची हरकत नाही. तो दाखला तिकडे पोचला आणि अमेरिकेनंही दोन वर्षांची अट माफ केली. दोन सार्वभौम राष्ट्रांचं माझ्या बाबतीत एकमत. डॉ. लिंडक्विस्ट लगेच नोकरीचे कागद पाठवतायत, पंधरा ऑगस्टला रुजू व्हायचं. तिथल्या कचेरीचा होकार आला की मुलाखत.

धावत खाली गेलो. शहीराच्या खुर्चीत एक पोस्टमन तोंड उघडून पडला होता. मी दारातूनच सांगितलं. शहीरानं मान वर केली, म्हणाली, "अभिनंदन, हाझेम." आणि पुन्हा त्याच्या तोंडात पाहू लागली. पोस्टमन मात्र तोंडात कापूस असताना भरभरून काहीतरी बोलला.

बाबांनी वहीवरून डोळे न काढता विचारलं, "पुढल्या गुरुवारच्या नावांचं काय करू?"

"घ्या लिहून," शहीरा म्हणाली. "त्याच्या पुढल्याही."

बरोबरच आहे. ऑगस्टपर्यंत रोग्यांना काय वाऱ्यावर सोडायचं?

११ मे

मुलाखतीची तारीख आली, दहा जून. शहीराचा नवा पासपोर्ट शेवटी मीच रांगेत उभं राहून अर्ज भरून काढला. आज दोघांचे व्हिसाचे अर्ज भरले. तिचा मीच भरला, तिला वेळ नव्हता. संध्याकाळी वाचून बघ म्हणून दिला.

तिनं सावकाश वाचला. एका ठिकाणी बोट ठेवलं.

"इथे गृहिणी लिहिलंयस."

"नोकरीवाल्याच्या बायकोच्या व्हिसावर काम करता येत नाही. उगाच दंतवैद्य लिहिलं तर शंका काढतील."

"बरं."

एवढंच. वाद नाही, काही नाही. मला तिचं हेच आवडतं, व्यवहार पटकन समजतो. मग ती खाली गेली आणि बराच वेळ भांडी घासल्यासारखा खणखणाट ऐकू आला. अवजारं उकळत असावी.

१० जून

कैरो. तालियाला बाबांकडे ठेवून पहाटेच्या गाडीनं गेलो. वकिलातीच्या बाहेर रांग, आत रांग, मग खिडकी. काचेपलीकडे एक तरुण गोरी बाई. मी फायलीत बासष्ट कागद नेले होते. तिनं एकही मागितला नाही.

मला विचारलं, काय काम करणार. मी बुरशीवर बोलू लागलो. तिसऱ्या मिनिटाला तिनं हात वर केला आणि शहीराकडे वळली.

"तुम्ही मागच्या वेळीही बरोबर होतात. तिथे काय करत होतात?"

"काही नाही," शहीरा म्हणाली.

"या व्हिसावर तुम्हाला नोकरी करता येणार नाही, कल्पना आहे ना?"

"मला पूर्ण कल्पना आहे."

बाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, दोघांचेही मंजूर, पासपोर्ट आठवड्याभरात मिळतील. मी आभार मानले. शहीरानं खिडकीतून फक्त फाईल उचलली.

बाहेर आलो. कोशरीच्या दुकानात बसलो. मी वाडग्यातल्या मसूर-भातावर तिखट ओतता ओतता तिकिटांच्या तारखांवर बोलत होतो. शहीरा म्हणाली,

"मी येत नाहीये."

"कुठे?"

"फ्लोरिडाला. तालियाही येणार नाही. तुला जायचं तर जा, मी अडवणार नाही. पण मी येत नाही."

मी म्हटलं, हे आत्ता सांगतेस? मंजूर झाल्यावर? दहा महिने काय केलंस?

"सांगतच होते. तीन वेळा फोटो विसरले. पासपोर्ट विसरले. हाझेम, मी कधी काही विसरते का?"

"मग तोंडानं सांगायचं."

"तू इजिप्तला विचारलंस हरकत आहे का. अमेरिकेला विचारलंस. दोघांची उत्तरं यायला पाच महिने लागले, तू थांबलास. मला विचारलं असतंस तर मी एका मिनिटात सांगितलं असतं."

आजूबाजूची माणसं जेवायची थांबली. एका म्हाताऱ्यानं मला पाणी पुढे केलं. परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली आणि बिलबैस स्टेशन येईपर्यंत झोपून गेली. खरंच झोपली. इतकी शांत झोपलेली मी तिला अलीकडे पाहिली नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

१५ जून

पाच दिवस घरात कामापुरतं बोलणं. मीठ दे, दार लाव. आज तालिया माझ्याकडून तिच्याकडे दुडुदुडु धावत गेली आणि आम्ही दोघं एकाच वेळी "आली, आली" म्हणालो, मग पुन्हा मीठ दे, दार लाव.

बाबांकडे गाऱ्हाणं घेऊन गेलो. सांगितलं, फसवणूक आहे ही. तुम्हालाही ठाऊक होतं, तुम्ही खोली रिकामी करून दिलीत.

"खोली मी तिला दिली. तू मागितली असतीस तर तुलाही दिली असती."

"मी जातो एकटा. ती राहू दे."

"जा की." बाबा बडीशेपेचा चहा फुंकत होते. "मी तीस वर्षं लोकांना पलीकडे नेलं. का जाताय म्हणून कधी कुणाला विचारलं नाही. पण कुणी चढला आणि त्याची बायको काठावरच राहिली, तर बोट थांबवायचो. बहुतेक वेळा गड्याला पत्ताच नसायचा. पुढे तोंड करून उभा असायचा."

मी म्हटलं, तिला तिथे काय कमी होतं? घर होतं, गारवा होता, मी होतो.

"आणि दिवसभर काय करायची?"

  मी आठला निघायचो आणि सहाला यायचो. आलो की जेवण तयार असायचं. मधल्या दहा तासांचं मला काहीच माहीत नाही. कुणी माझ्याकडे असा प्रयोग आणला असता, आत काय घातलं ते माहीत, बाहेर काय आलं ते माहीत, मधलं कोरं, तर मी त्याला दारातून हाकलला असता.

२१ जून

पासपोर्ट आले. व्हिसा सुरेख छापतात, कमानी, गरुड, सगळं. टेबलावर पडलेत.

आज शुक्रवार, दवाखाना साडेचारला उघडतो. दुपारी दोनला तालिया झोपली तेव्हा शहीराला विचारलं, "तिथे तू दिवसभर काय करायचीस?"

तिनं आधी पाहून घेतलं की मी भांडायला विचारतोय का. मग बोलायला लागली.

पहिला महिना तिथली दंतवैद्याची परीक्षा द्यायची म्हणून पुस्तकं वाचली. मग कळलं, आधी तीन वर्षं पुन्हा शिकावं लागेल, तेही शंभर मैलांवर, आणि गाडी माझ्याकडे असायची. पुस्तकं मिटली. मग सकाळी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसायची, धुवायचं नसलं तरी. तिथे माणसं यायची. एका क्युबन बाईनं तिथेच आ करून तिला दाढ दाखवली होती. शहीरानं फोनच्या उजेडात पाहिली आणि घाबरून घरी आली, परवाना नसताना पाहिलं म्हणून कुणी पकडेल की काय.

ऑक्टोबरात रस्त्यापलीकडे एक दंतवैद्य आहे हे तिला कळलं. त्याच्याकडे जाऊन बाहेरच्या खुर्चीवर बसायची. आठवड्यातून दोनदा. लवंगेच्या तेलाचा वास यायचा, आतून यंत्राचा आवाज यायचा, आणि आवाजावरून ती ओळखायची की आतला माणूस घाई करतोय. तिथली मुलगी एक दिवस म्हणाली, बाई, तुमची वेळ कधीची आहे? शहीराला लाज वाटली. तिनं वेळ घेतली आणि धडधाकट दात साफ करून घेतले.

मला ते आठवलं. ते विम्यात बसत नव्हतं आणि मी तिला ऐकवलं होतं, काही दुखत नसताना गेलीस कशाला. तिनं हे मात्र सांगितलं नाही. कदाचित ती तेवढं खरंच विसरली असेल. वाटत नाही.

साडेचारला खालून बाबांची आरोळी आली, पहिली फेरी भरली म्हणून. ती उठली. म्हणाली, "नोव्हेंबरपर्यंत झालं. पहिल्या वर्षाच्या."

२२ जून

सकाळी डॉ. लिंडक्विस्टना लिहिलं की ऑगस्टला येत नाही. कारण म्हणून आधी 'घरगुती अडचण' लिहिलं, खोडलं. मग 'ओवेसी आणि फस यांतील फरकाचा अभ्यास' लिहिलं. ते खरं आहे, पण तेही खोडलं. शेवटी लिहिलं, माझी पत्नी इथे दंतवैद्य आहे. पाठवून टाकलं. एवढी वर्षं शिकून मिळवलेली संधी एका ओळीत गेली. जेवणात लक्ष लागलं नाही, कुणाला दोष द्यावा तेही सुचेना.

दुपारी दोनला शहीरा पुढचं सांगायला बसली. डिसेंबर. मी मध्ये बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि एकदाच बोललो. म्हटलं, डिसेंबरात तर आपण मजेत होतो, समुद्रावर गेलो होतो.

ती थांबली. "मी सांगू, की तुला माहीत आहे?"

मी म्हटलं, तू सांग.